मदत हवी आहे: बाबांच्या पायात रक्ताची गुठळी, गोळीवर जाता येतं का? इंजेक्शनं उन्हात कशी ठेवायची?

बाबांचं वय 73. जठराचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं नाही, नागपूरला केमो सुरू आहे. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मागच्या केमोनंतर डावा पाय मांडीपर्यंत सुजला, पोटरी टणक. उजवा पाय जसाच्या तसा, म्हणून शंका आली. डॉप्लर सोनोग्राफीत मांडीच्या शिरेत गुठळी निघाली. रक्त गोठू न देणारं इंजेक्शन एनॉक्सापॅरिन, 60 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ पोटावर टोचायला सांगितलंय.

घरी फ्रीज नाही. खोक्यावर लिहिलंय, 25 अंशांखाली ठेवा. इथं पारा 44 वर आणि लाइन दुपारी गेली की गेली. पोटावर निळे डाग पडलेत. बाबा म्हणतात, "मले हे टोचणं नोको, गोळी असन तं दे." त्यात आत्या तेलाची वाटी घेऊनच बसली आहे, वाताची सूज आहे, रगडून देते म्हणते. तिला काय सांगू?

प्रतिसाद:
आत्याबाईंना आधी थांबवा! चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ही वाताची सूज नाही. कॅन्सरच्या पेशीच रक्त गोठवणारे पदार्थ सोडतात. जठर आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर त्यात सगळ्यात पुढे. वर वय, केमो, पडून राहणं, पाणी कमी पिणं.

गोळ्या आहेत, पण ट्यूमर जठरातच असेल तर त्यातल्या रिव्हारोक्सॅबननं तिथून रक्तस्राव वाढू शकतो. दुसरी गोळी अपिक्सॅबन; कॅन्सरच्या रुग्णांवरच्या 2020 च्या कॅरावाजिओ चाचणीत ते डाल्टेपॅरिन या अशाच इंजेक्शनाइतकंच उपयोगी ठरलं आणि मोठा रक्तस्राव वाढला नाही. तरी ते कॅन्सरच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आपल्या मनानं इंजेक्शन बंद करू नका. उपचार निदान तीन ते सहा महिने, केमो चालू असेपर्यंतही लांबतो.

निळे डाग पडतातच. जागा रोज बदला, बेंबीपासून दोन इंच दूर, टोचल्यावर चोळू नका. अचानक दम लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर 108. गुडघे दुखले तरी मेडिकलवरून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणू नका, त्यानं रक्तस्राव वाढतो.

वजन किती? किडनीच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनीन किती?

प्रतिसाद:
आमच्या सासूबाईंच्या वेळी सगळा साठा गावातल्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये ठेवला होता, लागतील तेवढीच घरी. घरची कोरड्या डब्यात, डबा मडक्यात, ते मडकं ओल्या रेतीच्या मोठ्या मडक्यात. विदर्भाच्या कोरड्या उन्हात हे चांगलं गार राहतं. आत साधा थर्मामीटर ठेवून बघत जा. बर्फाला मात्र लावू नका, गोठलं की फेकायचं. टोचायचं कसं ते उपकेंद्रातल्या सिस्टरनं मला शिकवलं होतं.

मूळ प्रश्नकर्ता:
मेडिकलवाल्या भाऊंनी हो म्हटलं. क्रिएटिनीन 1.4. वजन फाइलवर 58 आहे, ते पहिल्या केमोच्या आधीचं. आज रेशनच्या काट्यावर उभं केलं तर 43.

पहिला प्रतिसाद देणारे:
मग आजच फोन करा, संध्याकाळच्या इंजेक्शनाच्या आधी. हा डोस किलोमागे 1 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 60 आता जास्त होतोय. शिवाय या वयाला, या वजनाला क्रिएटिनीन 1.4 म्हणजे किडनीची गाळण मिनिटाला 30 मिलिलिटरच्या खाली येते, औषध अंगात साचतं. अशा वेळी बहुधा दिवसातून एकदाच देतात. "डोस वजन 58 वर ठरला होता, आता 43 आहे, क्रिएटिनीन 1.4" असं सरळ सांगा. प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींचा) शेवटचा आकडाही जवळ ठेवा, 50 हजारांखाली असेल तर तेही लगेच सांगायचं.