एचपीव्हीची लस: लेक बारा वर्षांची, घरात एकमत होईना

कृष्णाकाठची

नमस्कार. मी कराडची. लेक सातवीत आहे, गेल्या महिन्यात तिला बारा पूर्ण झाली. धनुर्वाताचा बूस्टर राहिला होता म्हणून दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी एचपीव्हीच्या लशीचं काढलं. एचपीव्ही म्हणजे ज्या विषाणूमुळे पुढे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो तो. "पंधराच्या आत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पुढे गेलं की तीन," असं सांगून फायलीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं. बाहेर रांग होती, मला पुढे काही विचारता आलं नाही.

तेव्हापासून घरात हाच विषय. नवरा म्हणतो, हा रोग संबंधातून पसरतो ना, मग लग्न ठरल्यावर बघू, आत्तापासून पोरीच्या डोक्यात काय घालायचं? सासूबाईंना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की या लशीने पुढे मूल होत नाही. नणंदेने तेलंगणातल्या खम्ममला ही लस दिल्यावर मुली दगावल्याचा मेसेज पाठवला. मी पतसंस्थेत काम करते, यातलं मला कळत नाही. नको म्हटलं आणि उद्या काही झालं तर? हो म्हटलं आणि काही झालं तर? रात्री झोप लागत नाही. पैशाचा प्रश्न नाही. ज्यांनी मुलींना दिलीय, किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी लिहा. घरी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

दोन लेकींचा बाबा

आम्ही दोघींना दिली, थोरलीला तेराव्या वर्षी, धाकटीला दहाव्या. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक, २०२३ साली बाजारात आली ती. दंड दोन दिवस दुखला. थोरली सकाळपासून उपाशी होती, तिला टोचल्यावर घेरी आली. म्हणून पोटभर खाऊ घालून न्या आणि नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा.

तुमच्या मिस्टरांना एक बाप म्हणून सांगतो. लग्न ठरेल तेव्हा मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल, नोकरीला कुठेतरी लांब असेल. आपण हात धरून दवाखान्यात नेण्याचं वय हेच आहे.

बार्शीची सिस्टर

ताई, मी निवृत्त नर्स. ऐन उमेदीची वर्षं बार्शीकडच्या आणि उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आता धाराशिव) गावांमधून पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करण्यात गेली. तिथे १९९९ साली मोठा अभ्यास सुरू झाला होता. तिशी ते साठीच्या आतल्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. एकदाच एचपीव्हीची तपासणी केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून निघालं आणि २००९ साली जगापुढे आलं.

तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक बाई सांगते. परांड्याकडची, पन्नाशीची. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि परत लाल जायला लागलं. तिला वाटलं पाळीच आली. सात-आठ महिने अंगावर काढलं. जुन्या लुगड्याच्या घड्या घ्यायची, रात्री धुवायची आणि गोठ्यामागे कडब्याच्या आडोशाला वाळत घालायची, सुनांना दिसू नये म्हणून. टेबलावर झोपली तेव्हा पदर तोंडावर घेऊन सारखी म्हणत होती, "सिस्टर, वास येतोय, माफ करा." नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष तिला माहीत नव्हता. आम्ही तपासलेल्या अशाच संसारी बायका होत्या. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांचा आपोआप जातोही. काहींचा मुक्काम ठोकतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर उभा राहतो. मुलीच्या वागणुकीशी या लशीचा संबंध जोडू नका, हात जोडून सांगते.

लवकर का द्यायची? कारण ही लस आधी शिरलेला विषाणू काढत नाही, येणाऱ्याला अडवते. आणि नऊ ते चौदाच्या वयात शरीर इतकी चांगली प्रतिकारशक्ती तयार करतं की डोस कमी लागतात. लशीत जिवंत किंवा मेलेला विषाणू नसतो, नुसतं त्याच्या कवचाचं प्रथिन असतं. त्यातून रोग होऊच शकत नाही.

सासूबाईंना सांगा, लशीने मूल होत नाही हे खोटं आहे. २००६ पासून जगभर मुलींना देतायत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या लस-सुरक्षा समितीने तिची सुरक्षितता पुन्हा पुन्हा तपासली आहे. उलट विषाणूमुळे कॅन्सरच्या आधीचे बदल झाले तर पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढावा लागतो, आणि अशा बाईला दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो.

स्कॉटलंडमध्ये ज्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी लस मिळाली त्यांच्यात हा कॅन्सर एकीलाही आढळला नाही. २०२४ मधली ही बातमी वाचली तेव्हा मला ती परांड्याची बाई आठवली आणि मी देवापाशी जाऊन बसले.

एक राहिलं. ताई, तुम्ही तिशीच्या पुढच्या असणार. तुमची स्वतःची तपासणी झालीय का? आणि लेकीलाही मोठेपणी तपासणी चुकवायची नाही, कारण लस सगळे प्रकार अडवत नाही. १६ आणि १८ हे दोन प्रकार साधारण ७० टक्के कॅन्सरला कारण असतात, त्यांना अडवते.

निजामाबादकर

खम्ममचं लिहितो, कारण तो मेसेज अर्धाच फिरतो. २००९-१० मध्ये तिथे आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला हजारो मुलींना लस दिली गेली. सात मुलींचे मृत्यू झाले आणि सरकारने काम थांबवलं. चौकशीत बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक, मलेरिया अशी कारणं निघाली, लशीशी संबंध सापडला नाही. पण संमतीच्या बाबतीत फार वाईट झालं. आश्रमशाळांतल्या मुलींच्या फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लोकांचा विश्वास उडाला तो तिथे, आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. तुम्ही विचारून, समजून, लेकीलाही सांगून देताय. त्या मुलींना हेच मिळालं नव्हतं.

बार्शीची सिस्टर

निजामाबादकर बरोबर बोलले. त्याच सुमाराला आपल्याकडे दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा वेगळा अभ्यास चालू होता, त्यात पुणे आणि बार्शीही होतं. २०१० मध्ये तोही थांबवावा लागला आणि कितीतरी मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षांनी पाहिलं तर एका डोसानेही त्यांचं चांगलं रक्षण झालं होतं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे आपल्या मुली आहेत. तरी तुमच्या डॉक्टरांनी दोन सांगितलेत तर दोन द्या.

कृष्णाकाठची

काल जेवणानंतर सगळं वाचून दाखवलं, लेकीसमोरच. तिने एवढंच विचारलं, धनुर्वाताच्या इंजेक्शनपेक्षा जास्त दुखेल का. नवरा म्हणाला, शनिवारी मी पण येतो, डॉक्टरांना एकदा समोरासमोर विचारतो. माझी तपासणी कधीच झालेली नाही, त्याच दिवशी बाईंच्या दवाखान्यात नंबर लावलाय.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आज सकाळी भाजी निवडताना म्हणाल्या, त्या सिस्टरना विचार, परांड्याच्या बाईचं पुढे काय झालं?

बार्शीची सिस्टर

शेक (रेडिएशन) दिला. दीड वर्ष काढलं तिने, शेवटी फार हाल झाले. दोन्ही सुना नंतर स्वतःहून तपासणीला आल्या होत्या.