वेट ट्रेनिंग नव्याने सुरू करायचे आहे, जिम निवडताना काय पाहावे?

नवशिका
नमस्कार. माझे वय ३८ असून काम दिवसभर बसून करण्याचे आहे. यंदा वर्षाचे धान्य भरताना गव्हाचे ५० किलोचे पोते जिन्याने वर नेत होतो, तेव्हा ते मधल्याच पायरीवर टेकवावे लागले आणि त्या दिवशी वजन उचलण्याचा व्यायाम शिकायचे मी मनाशी पक्के केले. सांगलीत माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. घरापासून पाच मिनिटांवर एक वातानुकूलित जिम आहे आणि वर्षाचे पैसे एकरकमी भरल्यास तिथे मोठी सवलत मिळते. दुसरी गावभागातील जुनी व्यायामशाळा. तिचे शुल्क निम्म्याहून कमी असले तरी यंत्रे मोजकीच आहेत आणि प्लेट्सना (दांड्यावर चढवायच्या वजनाच्या चकत्यांना) गंज चढला आहे. कोणती निवडावी?

कृष्णाकाठ
पैसे भरण्याआधी दोन्ही ठिकाणी तुमच्या व्यायामाच्या नेमक्या वेळेला जाऊन या. दुपारी रिकामी दिसणारी जिम संध्याकाळी सातला गजबजलेली असते, आणि स्क्वॉटसाठी, म्हणजे खांद्यांवर वजन घेऊन काढायच्या बैठकांसाठी, अर्धा तास थांबावे लागले तर महिनाभरात जाणे बंद पडते. ट्रेडमिल किती आहेत हे मोजू नका. स्क्वॉट रॅक, म्हणजे वजनाचा दांडा (बार) टेकवायच्या उभ्या चौकटी, किती आहेत आणि त्यांना आडवे सेफ्टी बार आहेत का, ते पाहा. खाली बसल्यावर उठता आले नाही तर वजन त्या बारवर टेकते आणि एकट्याने सराव करणाऱ्याचा जीव धोक्यात येत नाही. स्मिथ मशीन म्हणजे रॅक नव्हे. तिचा दांडा ठरलेल्या खाचेतून वर-खाली सरकत असल्यामुळे तोल सांभाळण्याचे काम शरीराला शिकायलाच मिळत नाही.

जाई
मी सर्वांत लहान प्लेट किती किलोची आहे हे आधी विचारते. माझ्या पहिल्या जिममध्ये ५ किलोपेक्षा लहान प्लेट नव्हती, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक प्लेट लावली की २० किलोच्या रिकाम्या बारनंतरची पायरी थेट ३० किलोची. डोक्यावर वजन नेण्याच्या व्यायामात मला ही पायरी चार महिने चढता आली नाही, आणि दोष माझ्याच ताकदीत आहे असे मी समजत राहिले. नव्या जागी १.२५ किलोच्या प्लेट्स मिळाल्या आणि अडीच-अडीच किलोने वाढवत तेच वजन दीड महिन्यात उचलले. आपल्या सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले, तर सुवर्णपदक २४९ किलोला गेले. कसलेल्या खेळाडूच्या बाबतीत जिथे एकेका किलोचा हिशेब होतो, तिथे नवशिक्यावर एकदम दहा किलो लादणे मला अन्यायाचे वाटते.

वर्षाचे पैसे मात्र एकरकमी भरू नका. ज्यांच्या भरवशावर मी भरले होते, ते प्रशिक्षक तिसऱ्याच महिन्यात सोडून गेले आणि पैसे काही परत मिळाले नाहीत.

जुना सभासद
गंजाची काळजी करू नका, गंजलेली प्लेटही तेवढेच वजन देते. बार वाकलेला नाही ना, हे पाहा. सपाट जमिनीवर गडगडवला की वाकलेला बार हेलकावे खातो. बाकाचे पाय डगमगत असतील किंवा जमीन घसरडी असेल, तर मात्र तिथे जाऊ नका. याहून महत्त्वाचे म्हणजे तासभर एका कोपऱ्यात बसा आणि शिकवणारा माणूस नव्या मुलाला काय करायला लावतो ते बघा. रिकामा बार देऊन बाजूने गुडघे आणि पाठ पाहणारा, चूक दिसताच थांबवणारा माणूस मिळाला, तर वीस मिनिटे लांब जायलाही हरकत नाही. पहिल्याच दिवशी प्रोटीन पावडरचा डबा पुढे करणाऱ्यापासून दूर राहा.

नवशिका
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी दोन्हीकडे जाऊन आलो. वातानुकूलित जिममध्ये रॅक एकच होता आणि त्यासाठी चार जण थांबले होते. व्यायामशाळेत सरांनी खांद्यांवर लाकडी काठी ठेवून दहा बैठका काढायला लावल्या, माझ्या टाचा उचलल्या जातात हे दाखवून दिले आणि आठवडाभर एवढेच करा म्हणाले. तिथे एका महिन्याचे पैसे भरले. १.२५ किलोची मात्र एकच प्लेट सापडली, तिची जोडी हरवली आहे. स्वतःची जोडी विकत घेऊन नेली तर चालेल का?

जुना सभासद
अवश्य न्या, पण त्याआधी बारच्या टोकाची जाडी मोजा. ऑलिंपिक बारच्या प्लेटचे भोक साधारण ५० मिलिमीटरचे असते, तर जुन्या व्यायामशाळांतील बारीक बारला त्याच्या जवळपास निम्म्या भोकाच्या प्लेट्स लागतात. सरांना विचारून घ्या आणि प्लेटवर ऑइलपेंटने नाव घालायला विसरू नका.