सेमिनरीतील मुलाने नाबोथावर उपदेश केला आणि मंडळीत वाद झाला: हे शिक्षण नेमके कशासाठी?

सातरस्ता

सर्वांना सलाम. मी सोलापुरातील एका प्रोटेस्टंट मंडळीचा सभासद आहे. माझा भाचा सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात) बी.डी. या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुटीत तो घरी आला असता पाळकसाहेबांनी त्याला रविवारच्या उपासनेत उपदेश करायला सांगितले, आणि त्याने बायबलमधील १ राजे, अध्याय २१, म्हणजे नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा उतारा घेतला (अहाब राजाला तो मळा हवा असतो, नाबोथ देत नाही, आणि ईजबेल राणी त्याचा जीव घेववते). त्याच महिन्यात मंडळीच्या आवारातील एक जागा कोणाला व कोणत्या अटींवर भाड्याने द्यायची, यावरून पंच कमिटीत कुजबुज चालू होती. (हे त्याला ठाऊक होते की नाही, ते मी अजून विचारलेले नाही, खरे म्हणजे विचारवत नाही.) उपासनेनंतर एका ज्येष्ठ सभासदांनी हातातला चहा तसाच ठेवून त्याला सुनावले, "तुला देवाचे वचन शिकायला पाठवले आहे, भाषणे शिकायला नाही."

आता माझ्या मुलीलाही बी.एस्सी.नंतर सेमिनरीत जायचे आहे. म्हणून विचारतो: न्याय आणि नैतिक धैर्य या थिऑलॉजीच्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या) अभ्यासात शिकवण्याच्या गोष्टी आहेत का, की त्या ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडाव्यात? आणि त्या शिकून आलेल्या माणसाचे मंडळीत पुढे काय होते?

निवृत्त पाळक

आपल्या भाच्याने उतारा योग्य निवडला; त्याने तो कसा वाचला, हे मात्र मला पाहायला आवडले असते. या अध्यायावर उपदेश करणारे बहुतेक जण अहाबाला आणि ईजबेलीला दोष देऊन मोकळे होतात. राजा दुष्ट, राणी त्याहून दुष्ट, आमेन. परंतु ईजबेल स्वतः एक दगडही उचलत नाही. ती राजाच्या नावाने पत्रे लिहिते, त्यांवर त्याची मोहर करते आणि नाबोथाच्याच नगरातील वडीलजनांना व प्रतिष्ठितांना पाठवते. उपवास जाहीर करणे, खोटे साक्षीदार बसवणे, नाबोथाला नगराबाहेर नेऊन दगडमार करणे, हे सर्व ते लोक करतात; त्यांपैकी एकानेही 'का' असे विचारल्याची नोंद नाही. आणि नाबोथाचे म्हणणे तरी काय होते? वाडवडिलांचे वतन विकणार नाही, एवढेच. 'वतन' हा शब्द आपल्याकडे कोणाच्या कानाला कसा लागतो, हे मी सांगायला नको.

मला हे शिकवले ते हिब्रूच्या गुरुजींनी. ते शांत स्वभावाचे गृहस्थ होते, मोर्चात कधी गेले नसावेत. पण प्रत्येक उताऱ्याला त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: यात क्रियापद कोणाचे आहे? माझ्या मते सेमिनरीने शिकवायचे धैर्य हे आहे. मजकुरात जे आहे ते, श्रोत्यांपैकी कोणालाही अवघड वाटले तरी, न गाळता वाचणे. मोठ्या आवाजात बोलायला वेगळे शिक्षण लागत नाही.

मुलीसाठी एक माहिती: आपल्याकडील अनेक सेमिनऱ्या बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहेत. सेरामपूर कॉलेज १८१८ मधले, आणि पदव्या देण्याचा त्याचा अधिकार १८२७ च्या डॅनिश सनदेवर उभा आहे. चौकशी करताना अभ्यासक्रमाच्या पत्रिकेत 'सामाजिक' शब्द किती वेळा येतो, हे मोजू नये. शनिवार-रविवारच्या प्रत्यक्ष कामासाठी विद्यार्थ्यांना कोठे पाठवतात, ते विचारावे.

जुना पंच

मी अनेक वर्षे पंच होतो, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. सेमिनरीतून येणाऱ्या काही तरुणांना व्यवस्था, शोषण, संरचना हे शब्द तोंडपाठ असतात. मात्र रात्री अकरा वाजता सिव्हिल हॉस्पिटलात मरणपंथाला लागलेल्या माणसाजवळ बसून कोणते स्तोत्र वाचावे, हे सुचत नाही. शिवाय दुसऱ्यांच्या अन्यायावर बोलायला धैर्य लागत नाही. आणि ज्याचा पगार मंडळीच्या वर्गणीतून निघतो, त्याने वर्गणी देणाऱ्यांना दुखवून किती दिवस टिकावे, याचाही विचार व्हावा.

विडी घरकुल

जुना पंच यांचे 'दुसऱ्यांच्या अन्यायावर बोलायला धैर्य लागत नाही' हे वाक्य मला पटते, म्हणूनच त्याचा अर्थ त्यांना वाटतो तसा निघत नाही. १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्याला मोहून टाकले, असे त्यांनी सांगितले. परंतु दक्षिणेतील चर्चमध्ये पाळली जाणारी जात, आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध हा समाज लढत नाही ही तक्रार, या दोन्ही गोष्टी त्यांनी आपल्या तोंडावर मांडल्या. आपले दलित ख्रिस्ती लोक पुढे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाबाहेर, म्हणजे त्या सवलतींबाहेर, राहिले, त्यावर आपण निवेदने देतो, आणि दिलीच पाहिजेत. पण जातीचा प्रश्न आपल्याच बाकांवर कसा बसला आहे, हे सेमिनरीच्या वर्गात फार उशिरा आले. धर्मशास्त्राचे अभ्यासक अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात हा विषय मांडला आणि त्यातून दलित थिऑलॉजी उभी राहिली. त्यांनी आधार घेतला तो बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायातील कबुलीचा, म्हणजे आपला पूर्वज भटका होता हे उपासनेतच मोठ्याने म्हणण्याचा.

माझी आई विड्या वळायची. हजार विड्या घेऊन गेल्यावर कारखान्यातला माणूस जुडी हातात फिरवून काही विड्या खराब म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे मिळत नसत, पण विड्याही परत मिळत नसत. संडे स्कूलमध्ये आम्हाला बायबलमधील आमोस शिकवला तो 'एक मेंढपाळ संदेष्टा' एवढाच. आठव्या अध्यायातील लहान केलेले माप, खोटा तराजू आणि गव्हाबरोबर विकलेले भूस मी पंचविसाव्या वर्षी स्वतः वाचले. आई तेव्हा जवळच पाने कातरत बसली होती. मी वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "हे त्याला कोणी सांगितलं?"

पगाराबद्दल एवढेच सांगते, की नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, तेव्हा त्यांनाही घर चालवायचे होते.

निवृत्त पाळक

जुना पंच, रुग्णाजवळ बसणे आणि न्यायाविषयी बोलणे यांत निवड करावी लागते, असे मला वाटत नाही. जर्मन पाळक बोनहोफर यांनी १९३५ पासून फिंकेनवाल्ड येथे नाझी सत्तेपुढे न झुकणाऱ्या मंडळ्यांसाठी पाळक घडवले. तेथील दिवस स्तोत्रे, मनन, एकत्र राहणे आणि एकमेकांजवळ पापकबुली यांनी भरलेला असे. तरीही १९३७ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद केली. स्तोत्रे म्हणणाऱ्या मुलांची भीती वाटावी, असे त्यांत काय होते, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारत असे. सुनावणाऱ्या ज्येष्ठांवरही फार रागावू नका. त्यांनी उपदेश लक्ष देऊन ऐकला होता.

सातरस्ता

सर्वांचा आभारी आहे. भाच्याला अखेर विचारले. जागेचा विषय त्याला ठाऊक नव्हता. नेमलेल्या वाचनात तो अध्याय होता, म्हणून त्याने तो घेतला. वडीलजनांचा मुद्दा त्याच्या उपदेशात आलाच नव्हता. तो आता म्हणतो, की पुन्हा संधी मिळाली तर तेथूनच सुरुवात करीन. संधी मिळेल असे मला दिसत नाही.

मुलीने हा धागा वाचला. अर्जासोबत मंडळीचे शिफारसपत्र लागते, आणि ते मागायला पंच कमिटीपुढे जावे लागेल. मी बरोबर येतो म्हटले, तर नको म्हणाली. हिब्रूची तयारी घरी आधीपासून कशी करावी, हे कोणी सांगितल्यास उपकार होतील.