पोट, जठर, आमाशय की कोठा? संमतीपत्रासाठी शब्द हवाय

आर्वीची_भाषांतरकार: आमच्या भागातल्या एका वैद्यकीय अभ्यासाचं संमतीपत्र मराठीत आणतेय. अडलंय ते ‘गॅस्ट्रिक एम्प्टीइंग’पाशी. तपासणी अशी: टेक्नेशियमचा किरणोत्सारी अंश मिसळलेलं अंडं खायचं आणि चार तास ठराविक वेळाने कॅमेऱ्यासमोर यायचं. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं, तर जठराची गती मंद. मी लिहिलं, ‘पोट रिकामे होण्यास लागणारा वेळ’. वाचून दाखवलं तर एक आजी म्हणाल्या, “सकायी बाहेर जाऊन आलं का पोट रिकामंच होते ना बाई.” तपासणाऱ्यांना ‘जठर रिक्तीकरण’ हवंय. ते तर त्या मुळीच सही करण्याआधी समजून घेऊ शकणार नाहीत.

निवृत्त_मास्तर: ‘जठर’च ठेवा. शाळेत पचनसंस्थेच्या आकृतीत सगळ्यांनी हाच शब्द लिहिलाय. वापरायचाच नाही म्हटलं तर तो गावात रुजणार कधी? ‘आमाशय’ मात्र नको, तो हिंदीतला.

वैद्य_यवतमाळ: मास्तर, आमाशय आयुर्वेदातला आहे, हिंदीने तिथूनच घेतला. आम म्हणजे न पचलेलं, त्याचा आशय. पुढचा तो पक्वाशय. अन्न कुठून कुठे सरकतं हे या जोडीतच आलंय. जठराचा अर्थ तर संस्कृतात गर्भाशयही होतो.

निवृत्त_मास्तर: पण आजींना संस्कृत येत नाही, हाच तर मुद्दा होता ना?

दर्यापूरची_लेक: आमच्याकडे ‘कोठा’. “कोठा जड हाये, भाकर जिरून नाही रायली.” अगदी हाच आजार!

वऱ्हाडकर: आणि ‘कोठा साफ झाला’ म्हणजे? पुन्हा संडासच.

रेसिडेंट_डॉक्टर: एकच शब्द कशाला शोधता? ‘खाल्लेलं अन्न जठरातून (छातीखालच्या पिशवीतून) पुढे आतड्यात सरकायला किती वेळ लागतो’ असं पूर्ण वाक्य लिहा. २०१९ चे क्लिनिकल ट्रायलचे नियमही तांत्रिक नसलेली, समजणारी भाषाच मागतात.

दर्यापूरची_लेक: पिशवी म्हणू नका, बायांना गर्भपिशवी वाटेल. ‘पिशवी काढली’ हे घराघरात ऐकलंय त्यांनी. वजडी म्हणा. बोकड कापला का वजडीले चुना लावून गरम पाण्यात टाकायची, वरची काळी साल सुरीनं खरवडायची. हे न केलेली बाई आमच्या गावात शोधून सापडणार नाही. अन्न कुठं साठते ते तिले दाखवा लागत नाही.

वैद्य_यवतमाळ: रुग्णाच्या अवयवाला वजडी? शोभत नाही ताई.

आर्वीची_भाषांतरकार: पूर्ण वाक्य पटलं. पण पुढचा भाग जास्त काळजीचा आहे. त्यात जठराच्या भिंतीतली एक दुर्मिळ गाठ येते, जिस्ट. जठराच्या लाटांचा ठेका, मिनिटाला साधारण तीन, ज्या काहाल पेशी धरतात त्यांच्याशी तिचं नातं. मंद जठरात याच पेशी बऱ्याचदा कमी झालेल्या दिसतात, आणि जिस्ट याच कुळातून वाढते. गावात कुणी त्याला ‘गोया’ (म्हणजे गोळा) म्हणतं, कुणी ‘गाठ’. काय लिहू?

वैद्य_यवतमाळ: गुल्म किंवा अर्बुद. दोन्ही ग्रंथांत आहेत.

रेसिडेंट_डॉक्टर: ‘गोळा’ कृपया नको. वायगोळा समजून लोक ओवा खातात आणि पोट चोळून घेतात. जिस्ट नाजूक असते, रक्तस्राव होतो. फुटली तर पोटात पसरते. ‘गाठ’ लिहा, आणि चोळायची नाही हे तिथंच लिहा.

वऱ्हाडकर: ‘गाठ’ म्हटलं का माणूस कॅन्सरच समजते. निम्मे तिथूनच उठून जातीन.

रेसिडेंट_डॉक्टर: ती कॅन्सरसारखी वागू शकते, लपवायचं कशाला? बहुतेक जिस्टमध्ये किट जनुकातला बदल असतो, हे १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. त्यावर इमॅटिनिबची गोळी लागू पडते. हे सांगितलं तर माणूस उठून जाणार नाही, थांबेल.

निवृत्त_मास्तर: कोठ्याबद्दल एक राहिलं. मूळ शब्द कोष्ठ. कोठी, कोठार त्यातलेच. म्हणजे साठवण. दर्यापूरच्या ताईंचाच शब्द मला आता जास्त पटतो.

वैद्य_यवतमाळ: आयुर्वेदात मृदू कोष्ठ, क्रूर कोष्ठ हे जुलाब किती लवकर होतो त्यावर ठरतं. म्हणून वऱ्हाडकरांचा आक्षेप खरा.

दर्यापूरची_लेक: आमच्या गावात धान्याच्या खोलीलेही कोठाच म्हणतात. तुमच्याकडे काय म्हणतात?