पार्किंगमध्ये सांडलेलं कूलंट: जबाबदारी गाडीवाल्याची की कुत्रेवाल्याची?

इंदिरानगरकर (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीतलं शेजाऱ्यांचं लॅब्रॅडॉर नुकतंच गेलं. एका गाडीखाली कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, हिरवं थारोळं साचलं होतं, ते त्याने चाटलं. रात्री झोकांड्या खात होतं, उलट्या झाल्या. सकाळी जरा हुशारी आली म्हणून सगळे निर्धास्त झाले. मग लघवीच बंद झाली, मूत्रपिंडं निकामी. माझं मत स्पष्ट आहे: पार्किंगमध्ये कूलंट बदलायला बंदी हवी, आणि ज्याची गाडी गळते त्याला दंड.

सिडकोवाला
वाईट झालं. पण कुत्रं मोकळं का होतं? पट्टा धरून फिरवलं असतं तर थारोळ्याजवळ गेलंच नसतं. आणि हे अँटीफ्रीझचं विष थंड देशांतलं. नाशिकला कुठे बर्फ पडतो?

अंबड_गॅरेज
दादा, कूलंट म्हणजे तेच. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही, तसंच लवकर उकळूही देत नाही. उन्हाळ्यात कसारा घाट चढताना त्याचाच आधार. आमच्याकडेही काही जण जुनं कूलंट सरळ गटारीत सोडतात. ते चूकच आहे, कॅनमध्ये काढायला कितीसा वेळ लागतो?

पशुवैद्यक_गंगापूररोड
पट्ट्याचा मुद्दा मांजरांना लागू होत नाही, आणि धोका त्यांनाच जास्त. न मिसळलेलं ग्लायकॉल मांजराला किलोमागे सुमारे 1.4 मिली पुरतं. म्हणजे चार किलोच्या मांजराला जेमतेम चमचाभर. पायाला लागलेलं चाटलं तरी पोटात जातं. कुत्र्याला किलोमागे 4.4 मिलीच्या पुढे जीवघेणं.

धागाकर्त्याने लिहिलेली सकाळची हुशारी फसवी असते. नशा उतरते, पण तोवर यकृताने ग्लायकॉलचं आम्ल केलेलं असतं. पुढे ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात बसतात. उतारा आहे: फोमेपिझोल, नाहीतर शिरेतून मोजून दिलेलं अल्कोहोल. हे आम्ल बनवणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) त्यात गुंतलं की ग्लायकॉल तसंच लघवीवाटे निघून जातं. पण कुत्र्याला 8 ते 12 तासांत, मांजराला 3 तासांत मिळायला हवं. चाटताना दिसलं की लक्षणांची वाट न बघता निघा, डबीवरच्या लेबलचा फोटो सोबत घ्या. घरी दारू पाजू नका.

सिडकोवाला
माहिती पटली, दंड नाही पटला. गळती कोणाच्या गाडीची, हे ठरवणार कोण? खाली एसीचं पाणीही ठिबकत असतं. उद्या वॉचमन प्रत्येक ओल्या डागाचा पंचनामा करत बसेल. त्यापेक्षा कंपन्यांना कडू द्रव्य घालायला लावा. ग्लायकॉल गोड लागतं हेच मूळ दुखणं आहे.

इंदिरानगरकर
एसीचं पाणी नितळ असतं. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा केशरी, आणि बोटाला बुळबुळीत लागतं. वॉचमनला एकदा दाखवलं की पुरे. कडू द्रव्य जरूर घालावं. अमेरिकेत कंपन्यांनी 2012 मध्ये आपणहून ते घालायचं कबूल केलं. पण आपल्याकडे तसं होईपर्यंत थारोळं तसंच पडू द्यायचं? भटक्या कुत्र्यांना तर पट्टाही नाही आणि दवाखान्यात नेणारं माणूसही नाही.

पंचवटीची_माऊ
शंभर टक्के सहमत. आमच्या गल्लीत मांजरं इंजिनाच्या उबेला गाड्यांखालीच झोपतात.

अंबड_गॅरेज
सांडलंच तर आधी वाळू किंवा चिंध्या टाकून शोषून घ्या, त्या पिशवीत बांधून ठेवा, मग साबणाने फरशी धुवा. नुसतं पाणी मारलं की थारोळं पसरतं.

सिडकोवाला
वाळूची बादली ठेवा, आमच्या सोसायटीतही ठेवायला सांगतो. कूलंट बदलायच्या बंदीलाही हरकत नाही, ते काम गॅरेजचंच. पण गळणाऱ्या गाडीला दंड नको. माणूस रात्री दमून येतो, पाइप केव्हा फुटला हे त्याला सकाळी कळतं. आधी नोटीस द्या, दुरुस्तीला आठवडा द्या.

इंदिरानगरकर
नोटीस मान्य. आठवडा मान्य नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाडीखाली ट्रे हवाच, आणि तोही त्याच दिवशी. रविवारच्या मीटिंगमध्ये मी हेच मांडणार.