फ्लॅश केल्यावर वायफाय गायब?
राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकल्यावर, म्हणजे फ्लॅश केल्यावर, वायफाय दिसेना, राउटर मेला वाटतं म्हणालात, तर मेला नाहीये हो, त्यात वायफाय मुळातच बंद असतं. लॅनची वायर लावा, ब्राउझरात १९२.१६८.१.१ उघडा, रूटला (मुख्य अ‍ॅडमिन खात्याला) पासवर्ड नसतो तो आधी ठेवा आणि मग वायरलेसमध्ये जाऊन चालू करा. आमच्या गुहागरच्या घराला चिऱ्याच्या जाड भिंती, पडवीत रेंज शून्य, म्हणून मी जुना राउटर असाच फ्लॅश करून वायरीने माजघरात अ‍ॅक्सेस पॉइंट (मुख्य राउटरचं नेट वायफायने पुढे देणारा) केला, फक्त त्याचा आयपी बदलून डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं हां, नाहीतर तो आणि मुख्य राउटर भांडत बसतात. आणि पावसाळ्यात फ्लॅश करताना यूपीएसवरच लावा, आमच्याकडे जरा गडगडलं की लाईट गेलीच, मध्येच गेली तर राउटर ब्रिक, म्हणजे निकामी.