गालावरचा लाल कोळ्यासारखा डाग: कुणाला दाखवू? काढावा का?

सायसाखर:
मुलगा ७ वर्षांचा आहे. त्याच्या उजव्या गालावर बरेच महिने एक लाल ठिपका आहे. आधी वाटलं डास चावला असेल, पण तो जाईचना. नीट पाहिलं तर मधे गडद बिंदू आणि त्यातून चहूबाजूंना कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषा. दुखत नाही, खाजत नाही. मग आरशात बघते तर माझ्याही गळ्याखाली तसेच दोन! बाबांच्या पोटावर-पाठीवर तर लालभडक बारीक पुटकुळ्याच आहेत, पण त्यांना रेषा नाहीत.
नेटवर शोधलं तर पहिल्याच पानावर लिव्हर सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत खराब होऊन कडक होण्याचा आजार. तेव्हापासून झोप उडाली आहे. हे सगळं एकच आहे का? आधी कुठल्या डॉक्टरांकडे जाऊ? मुलाचा डाग काढून घ्यावा का?

उंबरठा:
लहान मुलांत हे खूप दिसतं. माझ्या भाचीच्या हातावर होता, वयात येईपर्यंत आपोआप गेला. घाबरू नका.

तिसरा चष्मा:
मी त्वचारोग विभागात काम करते. न बघता निदान करणार नाही, पण घरच्या घरी एक गोष्ट तपासता येईल. पारदर्शक काचेचा पेला डागावर हलकेच दाबा आणि काचेतून बघा. डाग फिका पडतो का? दाब काढल्यावर लाली आधी मधल्या बिंदूत येऊन मग बाहेर पसरते का? तसं असेल तर तो बहुधा स्पायडर अँजिओमा. यात मधोमध एक छोटी धमनी त्वचेच्या पृष्ठभागाजवळ येऊन रुंदावलेली असते आणि रेषांना रक्त तीच पुरवते. म्हणून भरणं आतून बाहेर होतं. चेहरा, मान, छातीचा वरचा भाग, हात या त्याच्या नेहमीच्या जागा. कमरेखाली सहसा दिसत नाही.
बाबांचं वर्णन चेरी अँजिओमाचं वाटतं. तिशीनंतर येतात आणि वयासोबत वाढत जातात. दाबून पूर्ण फिके होत नाहीत, लिव्हरशी संबंध नाही. त्यांना खुशाल सोडून द्या. मात्र एखादा डाग भराभर वाढला, काळा पडला किंवा सारखा रक्ताळू लागला तर दाखवा.
तुमच्या दोनांबद्दल: गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? की अलीकडे बाळंतपण झालंय? इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलं की हे डाग उगवतात. गरोदरपणात आलेले बहुतेक बाळंतपणानंतर काही महिन्यांत मावळतात.

सायसाखर:
आत्ताच पेला लावून बघितला. अगदी तसंच, आधी मधला बिंदू लाल झाला! आणि हो, गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

तिसरा चष्मा:
दोन डागांसाठी नको. स्त्रीरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीत सांगा, पण स्वतःहून थांबवू नका.

गोधडी:
धागा थोडा हायजॅक करतो, माफी असावी. दिरांच्या छातीवर… म्हणजे बायकोच्या दिरांच्या, माझ्या थोरल्या भावाच्या 😅 छातीवर आणि खांद्यांवर असे सात-आठ दिसतात. तळहातही लाल असतात. त्याला काही त्रास नाही म्हणे. रोज घेतो मात्र.

तिसरा चष्मा:
इथे मात्र मी उंबरठांसारखं 'घाबरू नका' म्हणणार नाही. निरोगी मोठ्या माणसांतही साधारण १० ते १५ टक्क्यांना एखाद-दुसरा स्पायडर असतोच. पण मोठ्या पुरुषात एवढे, वर लाल तळहात आणि रोजची दारू, हे एकत्र आलं की आधी यकृत तपासायचं. लिव्हर थकलं की इस्ट्रोजेनचा निचरा नीट होत नाही. त्याला फिजिशियनकडे न्या, स्किनवाल्यांकडे नंतर. लिव्हर फंक्शन टेस्ट, प्लेटलेटसह रक्ततपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, पोटाची सोनोग्राफी एवढं साधारण करतात. आणि एक नीट ऐका: फक्त लिव्हर फंक्शन टेस्ट नॉर्मल आली म्हणून घरी परतू नका, सिऱ्हॉसिस असूनही ती कधीकधी नॉर्मल येते. पाय सुजणं, पोट फुगणं, डोळे पिवळे होणं, छाती स्त्रियांसारखी वाढणं, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटसाठी महिना काढू नका. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर थेट इमर्जन्सीत.

गोधडी:
पाय सुजतात संध्याकाळी. तो म्हणतो उभं राहून. याच आठवड्यात नेतो.

कुंपणावरची:
माझ्या गालावरचा लेझरने काढला. पल्स्ड डाय लेझर. नंतर जागा जांभळी पडली, आठवडाभर लोक विचारत होते कुठे आपटलीस. पहिल्यांदा मधला बिंदू राहिला आणि डाग परत आला, दुसऱ्यांदा गेला. सावळ्या त्वचेवर लेझरने काळा किंवा पांढरा डाग उरू शकतो, त्यामुळे ज्यांचा अशा त्वचेवर हात बसलेला आहे अशाच डॉक्टरांकडे जा. बारीक सुईने विजेनेही जाळतात, पण त्यात बारीक व्रण उरायची शक्यता असते.

मोकळा वेळ:
मेडिकलमधून एखादी ट्यूब आणून लावा की, लाली लगेच उतरते.

तिसरा चष्मा:
कृपया नको! अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. ते चेहऱ्यावर महिनोन्महिने लावलं की त्वचा पातळ होते आणि नव्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, म्हणजे एकाचे दहा.

पानगळ:
दोन गोष्टी राहिल्या. ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर लाल ठिपके, वारंवार घोळणा फुटणं आणि घरात आणखी कुणाला तेच, असं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. हा आनुवंशिक आजार वेगळा आहे, त्यात फुफ्फुस आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्याही तपासाव्या लागतात. दुसरं, काचेखाली अजिबात फिके न होणारे नवे लाल-जांभळे ठिपके म्हणजे त्वचेत झिरपलेलं रक्त. सोबत ताप असेल तर त्याच घटकेला हॉस्पिटल.

सायसाखर:
सर्वांचे आभार. मुलाला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून आले. भिंगातून बघून स्पायडर अँजिओमाच म्हणाले. त्याला स्वतःला त्रास वाटत नसेल तर काही वर्षं थांबा, मुलांत पुष्कळदा जातो. पुढे नको वाटला तर लेझर, आधी बधिर करायचं क्रीम लावून. विचारायचं राहिलं: खेळताना नख लागून फुटला तर?

तिसरा चष्मा:
धमनीचं रक्त आहे, त्यामुळे डागाच्या मानाने बरंच येईल. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं, मधे उचलून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर डॉक्टर. शाळेतही बाईंना सांगून ठेवा.